पंपाखालचा खिळा

हारूनचाचांची आठवण काढली की मला आधी टर्पेंटाइनचा वास येतो. धंद्यासाठी रंगाचा डबा उघडायचं त्यांनी सोडलं त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. आता त्यांच्या घरात लॅपटॉप आणि चार्जरच्या वायरी असतात, तरी माझ्या नाकाला ते पटत नाही. महाडच्या बाजारपेठेतल्या माझ्या वयाच्या, म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या, कुठल्याही दुकानदाराला विचारा. दुकानाचा पहिला बोर्ड चाचांनी रंगवला आणि पहिली वेबसाइटही चाचांनीच केली. मधल्या काळात त्यांचे केस पांढरे झाले आणि आमचे गेले, एवढाच फरक.

माझं दुकान विजेच्या मोटरी दुरुस्त करायचं. शेतकऱ्यांचे पंप येतात, पोह्याच्या गिरणीच्या मोटरी येतात, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे ब्लोअर येतात. जळलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे काम. वडिलांनी दुकान काढलं तेव्हा मी चौथीत होतो. नाव ठरलं होतं 'झोलाई इलेक्ट्रिकल वर्क्स', आणि बाबांना ते हातभर अक्षरांत हवं होतं. चाचा सकाळी शिडीवर चढले, खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारल्या आणि दिवसभर कोणाला जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी बाबांनी वर पाहिलं तर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'मोटर जळली?' झोलाईदेवीचं नाव खाली, वीतभर पट्टीत.

बाबा भडकले. चाचा ब्रश पुसत म्हणाले, "धोंडू, रस्त्यावरचा माणूस तुझं नाव इचारत नाय. त्याची मोटर जळलेली हाय, तो मोटरीचं इचारतो. त्याला पायजेल ते मोठं लिव्हायचं. दुकानात शिरला की मंग सांग तुझं नाव."

बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोलादपूरच्या पुढच्या डोंगरातला एक शेतकरी एसटीच्या टपावर मोटर टाकून आला आणि दारातून म्हणाला, "मोटर जळली ते दुकान हेच ना?" बाबांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि मला चाचांच्या घरी पिटाळलं. आमच्या दुकानाला अजूनही अर्धा तालुका 'मोटर जळली' म्हणूनच ओळखतो. झोलाईदेवीने ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

चाचांची कामाची पद्धत अशी होती. बोर्डाचं काम आलं की ते आधी एसटी डेपोच्या बाकावर जाऊन बसत. तिथला चहावाला म्हणजे सगळ्या तालुक्याचा चौकशी कक्ष. उतरलेली माणसं त्याला काय विचारतात, कुठल्या शब्दांत विचारतात, ते चाचा दोन-दोन तास ऐकत. महाडजवळच्या सव गावच्या कुंडांवर अंघोळीला जाणारी माणसं 'उष्णोदकाचे झरे' असं विचारत नसत, 'गरम पाणी कुठं?' असं विचारत. मग चाचांनी फाट्यावर बाण काढून लिहिलं, 'गरम पाणी'. आज मुंबई-पुण्याची पोरं शिबिरं घेऊन आणि भारी शब्द वापरून आम्हाला हेच शिकवतात, की गिऱ्हाईक काय शोधतं ते ओळखा. मी मागे बसून जांभई देतो. हे सगळं मी खारीच्या केसांच्या ब्रशने लिहिलेलं पाहिलं आहे.

मग फ्लेक्स आले. बारा तासांत छापून, चेहऱ्यासकट. दोन वर्षांत चाचांचं काम संपलं. ते आमच्या दुकानासमोरच्या पायरीवर येऊन बसत आणि फ्लेक्सकडे बघत. बाबा त्यांना चहा पाजत, विषय मात्र काढत नसत. मला ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं. ज्याच्या हातच्या अक्षरांवरून गाव वाचता यायचं, त्या माणसाकडे करायला काही उरलं नव्हतं.

त्यांची मुलगी अमरीन तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. तिने बापाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. चाचा पन्नाशी ओलांडलेले, बोटं कडक, माउस धरायचे तोही ब्रशसारखा. पण अमरीनने त्यांना दाखवलं की लोक आता डेपोच्या चहावाल्याला विचारत नाहीत, गुगलला विचारतात. आणि काय विचारतात ते बघता येतं. हे ऐकून म्हणे चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले. जगभरचा डेपोचा बाक घरात बसून ऐकता येतो, एवढंच त्यांना कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

पहिली वेबसाइट आमचीच. बाबा तेव्हा होते. वर हातभर अक्षरांत 'मोटर जळली?' आणि खाली महाड, पत्ता, फोन. चाचांनी दुकानाचे फोटो शटर पूर्ण उघडं ठेवून काढले, उघडायच्या-बंद करायच्या वेळा लिहिल्या, कोणी तक्रार लिहिली तर दोन दिवसांत नम्र उत्तर द्यायला लावलं. माझा स्वभाव तापट. नम्र उत्तर देताना माझी बोटं दुखायची. पण वर्षभरात पंपाचं काही बिघडलं की फोनवर आमचंच नाव पहिलं येऊ लागलं, आणि वसाहतीतले कारखाने घरबसल्या मला शोधू लागले.

मग सगळे आले. माझ्या शेजारच्या प्रवीणचं चपलांचं दुकान, शिंपी, तांब्या-पितळेची भांडी, पोह्याची गिरण. पोलादपूरला महामार्गावर खानावळ चालवणाऱ्या बयाबाई आल्या. त्यांना 'बयाबाई भोजनालय' हवं होतं. चाचांनी लिहिलं, 'पोलादपूरला घरगुती जेवण'. मुंबईहून निघालेली माणसं पनवेलपासूनच त्यांना फोन करू लागली. अशी चोवीस दुकानं झाली.

आता किल्ल्यांचं सांगायला हवं. आमचा बाजार सावित्री नदीच्या अंगणात आहे. पाणी चढायला लागलं की तासाभरात दुकानात शिरतं, आणि दुकानदार नेमका तेव्हा लग्नाला नाहीतर पोलादपूरला असतो. दोन हजार पाचच्या पुरात बाजाराने ते भोगलं. तेव्हापासून दुकानांची एकेक जादा किल्ली चाचांच्या घरी असते. त्यांचं घर माडीवर, खिडकीतून घाटाच्या पायऱ्या दिसतात. पाणी वाढलं की जो आधी पोहोचेल त्याने हवी ती किल्ली घ्यायची, हवं ते दुकान उघडायचं आणि माल माळ्यावर टाकायचा. कोणाला विचारायचं नाही, नंतर सांगायचंही नाही. घाईत नावं कोण वाचणार, म्हणून चाचांनी एक फळी रंगवली. प्रत्येक खिळ्याच्या वर एक चित्र. चपलेखाली प्रवीणची किल्ली, कात्रीखाली शिंप्याची, पंपाखाली आमची. तो पंप इतका सुबक आहे की त्याचा बोल्ट पिळावासा वाटतो. बयाबाईंकडे नदीचं पाणी कधी येत नाही, तरी त्यांनी भाकरीचं चित्र काढून घेतलं आणि खानावळीची किल्ली लटकवली. आपला खिळा रिकामा दिसायला नको म्हणाल्या.

एकवीसच्या पुरात ही फळी नसती तर मी आज हे लिहायला दुकानदार म्हणून उरलो नसतो.

चूक झाली ती इथेच, आणि ती महाडकरच करू शकतात. चाचांनी चोवीस वेबसाइटना एकच पासवर्ड ठेवला. सावित्रीचं नाव आणि पुढे चोवीसचा आकडा. कोणाची साइट अडली तर शेजाऱ्याने उघडावी, मालकाची वाट बघत बसू नये. किल्ल्यांचं जे चाललं होतं तेच त्यांनी पुढे चालवलं. आणि विसरायला नको म्हणून तो पासवर्ड फळीच्या तळाला पिवळ्या अक्षरांत, वेलबुट्टी काढून रंगवला. आम्हाला कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. किल्ली लपवून ठेवली तर पुरात तिचा उपयोग काय?

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी वेबसाइट चालेनाशा झाल्या. गुगलवर आमचं नाव शोधलं की खाली भलत्याच लिपीतल्या ओळी आणि जुगाराच्या जाहिराती. उघडायला गेलं की लाल पडदा आणि इशारा, की ही साइट धोकादायक असू शकते. एका कारखान्याच्या खरेदी विभागातून मला फोन आला. त्यांच्या कॉम्प्युटरने माझी साइट अडवली होती, खुलासा होईपर्यंत माझं नाव यादीतून काढत होते. समोरचा माणूस सभ्यपणे बोलत होता, त्यामुळे मला ओरडताही आलं नाही.

ते ओरडणं मी चाचांच्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माडी चढून गेलो. महरुन्निसाचाचींनी कोकम सरबत पुढे केलं, मी हात लावला नाही. चाचा लॅपटॉपसमोर बसले होते, फोनवर अमरीन होती. ती आता पनवेलला असते, एका कंपनीत हेच काम करते. चाचांनी फोन खाली ठेवला. मी तोंडाला येईल ते बोललो. तुमच्या एका पासवर्डाने चोवीस घरांचं वाटोळं केलं म्हणालो. रंगाऱ्याने रंगच द्यायला हवा होता, असंही म्हणालो. हे वाक्य लिहिताना आज माझा कान तापतो.

मी फळीजवळ गेलो आणि पंपाखालची माझी किल्ली काढून खिशात घातली.

"राजू," चाचा एवढंच म्हणाले, "जून जवळ आला रे."

मी जिना उतरलो. माझं बघून आठवडाभरात आणखी सहा जणांनी किल्ल्या नेल्या. बोलाचाली कुणी केली नाही, चाचा-चाची घरात नसताना जाऊन काढून आणल्या. ते मला माझ्या ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं, पण मी गप्प राहिलो.

चाचा आणि अमरीन अकरा दिवस राबले. तिने फोनवरून सांगायचं, चाचांनी करायचं. आत घुसलेल्या अनोळखी नावांची हकालपट्टी, घाण भरलेली पानं पुसायची, जुन्या चांगल्या प्रती परत बसवायच्या, वर्षानुवर्षं न बदललेली साइटची अवजारं, म्हणजे सॉफ्टवेअर, नवी करायची, आणि शेवटी गुगलला विनंती, की बाबा, पुन्हा तपासून बघ. मग चाचा दुकानोदुकानी फिरले. प्रत्येकाने स्वतःचा पासवर्ड ठेवायचा, दुसऱ्या कोणाला सांगायचा नाही, चाचांनाही नाही. वर फोनवर येणारा आकडा टाकल्याशिवाय दार उघडायचं नाही. मालक टाइप करेपर्यंत चाचा पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बयाबाईंनी तर पासवर्ड ठेवला आणि लगेच सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असा म्हणून दाखवला. चाचांना त्यांच्याकडून तो तीनदा बदलून घ्यावा लागला.

माझ्याही दुकानात आले. मी टाइप करत होतो आणि ते पाठमोरे उभे राहून समोरच्या खांबाकडे बघत होते. त्या खांबावर पाणी कुठवर चढलं त्याच्या दोन रेघा आहेत, दोन हजार पाच आणि दोन हजार एकवीस. दोन्ही त्यांच्याच हातच्या. झालं म्हटल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "महिन्यातनं एकदा आत जाऊन बघत जा, कोण आलं, कोण गेलं ते. अमरीननं सांगितलंय."

महिनाभर मी बघितलं नाही. रुसून. जूनच्या शेवटी एका रविवारी दुकानात काम नव्हतं म्हणून आत गेलो. कोण कधी आत आलं याची तिथे यादी असते. अमरीनने साफसफाई करताना जुनी नोंद पुसली नव्हती. मी मागे मागे जात मे महिन्यापर्यंत पोहोचलो.

परदेशातून कोणीतरी पहिल्यांदा शिरलं होतं ते माझ्या साइटमधून. चोवीसांतून माझीच. एकदाही चुकीचा पासवर्ड न टाकता, पहिल्याच फटक्यात. त्याच्या आदल्या सकाळची नोंद माझीच होती, नवा फोटो चढवल्याची.

मला तो फोटो चांगला आठवत होता. किल्ल्यांच्या फळीचा. चाचांकडे गेलो असताना स्टुलावर चढून काढला होता. सकाळचं ऊन पडलेलं, सगळी चित्रं झळकत होती. 'आमच्या बाजाराचा विश्वास' असं वर लिहून मी तो साइटवर टाकला होता आणि फेसबुकवरही. कुवेत, दुबई, मुंबईतल्या महाडकरांनी तो हजारभर वेळा पुढे पाठवला. मी दिवसभर आकडे मोजत फुशारक्या मारल्या. आणि तळाला पिवळ्या अक्षरांत, वेलबुट्टीसकट, चोवीस दुकानांची किल्ली स्वच्छ वाचता येत होती.

साइटवर तो फोटो आता नव्हता. त्या जागी नवा होता. त्यात फळीच्या तळाला निळी पट्टी रंगवलेली, नदीसारखी. पासवर्ड त्या पट्टीखाली गेला होता. फोटो बदलल्याची नोंद चाचांच्या नावाची, साइट बंद पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची. फेसबुकवरचा माझा फोटो काढायला मला त्या सकाळी प्रवीणचा निरोप आला होता. रागाच्या भरात मी तो काढलाही, पण का काढायचा आणि प्रवीणला कोणी सांगितलं ते तेव्हा विचारलंच नव्हतं. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता मी माडी चढलो होतो, आणि किल्ली काढताना रागात मला ती पट्टी दिसलीसुद्धा नव्हती. म्हणजे मी समोर उभा राहून रंगाऱ्याला त्याची जागा दाखवत होतो तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. सरबताचा पेला मध्ये ठेवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि फोटोचा फ काढला नाही.

मी साइट बंद केली आणि दुकानात बसून राहिलो. उठून दहा पावलांवरचा जिना चढायचा होता. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. तिसऱ्या दिवशी चाचांच्या घरी पाहुणे दिसले. असे वीस दिवस गेले. किल्ली खिशातच होती. रोज शर्ट बदलताना ती मी एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत होतो.

जुलैच्या मध्याला मी पोलादपूरच्या पुढे एका गिरणीची मोटर बसवायला गेलो. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. दुपारी परत निघालो तर पोलादपूरच्या अलीकडे झाड आणि माती रस्त्यावर आलेली, गाड्यांची रांग. मी बयाबाईंच्या खानावळीत जाऊन बसलो. अडीच वाजता प्रवीणचा फोन आला. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, भरतीची वेळ होती, पाणी बाजाराकडे वळलं होतं.

माझ्या दुकानात जमिनीवर सत्तावीस मोटरी होत्या. अर्ध्या दुरुस्त झालेल्या, नव्या तारेच्या. सगळ्या लोकांच्या. भिजल्या असत्या तर मला दुकान विकूनही भरून देता आल्या नसत्या.

बयाबाईंनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"पाणी येतंय बाजारात."

"मग हारूनभाईंकडं चावी हाय की. त्यात काय एवढं?"

"नाही. त्यांच्याकडे नाही."

"कुठं हाय?"

मी खिशावर हात ठेवला. बयाबाईंनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाजायला घेतलेली भाकरी त्यांनी तशीच तव्यावर सोडली, पदराला हात पुसला आणि स्वतःच्या फोनवरून चाचांना फोन लावला. "हारूनभाई, राजू माझ्याकडं अडकलाय. चावी त्याच्या खिशात हाय. घ्या, बोला," म्हणून फोन माझ्या कानाला लावला.

पलीकडे माणसांचा आरडाओरडा होता. चाचांचा श्वास फुलला होता. "राजू," ते म्हणाले, "कुलूप तोडू का?"

वीस वर्षांत माझं दुकान उघडायला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एकवीसच्या पुरात उघडलं, माल वर टाकला आणि मला सांगितलंसुद्धा नाही, ते मला नंतर प्रवीणकडून कळलं. आणि आता पाणी पायरीवर आलेलं असताना सत्तरीचा माणूस माझ्या परवानगीसाठी थांबला होता. ती पाळी त्यांच्यावर मी आणली होती.

"तोडा चाचा," मी कसंबसं म्हणालो.

फोन बंद झाला. बयाबाईंनी करपलेली भाकरी फेकून दिली आणि दुसरी थापायला घेतली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा झाला. बाजारात पाणी गुडघाभर येऊन ओसरलं होतं, सगळीकडे चिखल. माझ्या शटरला नवं कुलूप होतं. प्रवीण शेजारी चपला वाळत घालत होता. त्याने सांगितलं, छिन्नी-हातोड्याने कुलूप फोडलं, चौघांनी मिळून मोटरी उचलल्या, चाचांनी शिडीच्या मधल्या पायरीवर उभं राहून सगळ्या माळ्यावर घेतल्या, आणि शेवटच्या मोटरीला त्यांची पाठ भरली. ज्यांनी किल्ल्या नेल्या होत्या त्यांतले तिघे वेळेवर पोहोचले, बाकी तिघांची कुलुपंही तशीच फोडावी लागली. मी शटरच्या फटीतून वाकून बघितलं. माळ्यावर मोटरी ओळीने लावलेल्या, गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या कोरड्या.

मी माडी चढलो. चाचा कॉटवर पालथे पडले होते, चाची गरम पाण्याच्या पिशवीने पाठ शेकत होत्या. मला बघून त्या सरबत करायला आत गेल्या. समोर फळी होती. नेलेल्या किल्ल्यांपैकी बऱ्याच परत आल्या होत्या. आणि पंपाखालच्या खिळ्याला एक कोरी चकचकीत किल्ली लटकत होती.

मी कॉटजवळ खाली बसलो.

"चाचा, तो फोटो माझा होता."

"हा."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अमरीननं दाखवलं. चांगला काढला होतास रे. पंपावर ऊन पडलेलं."

"मग मी एवढं बोललो तेव्हा सांगितलं का नाही?"

चाचांनी मान वळवली. पाठ दुखत असावी, कारण बराच वेळ लागला. "रागानं गेलेला माणूस परत येतो, राजू. लाजेनं गेलेला येत नाय. सांगितलं असतं तर तू हा जिना चढला असतास का?"

मी गेल्या वीस दिवसांचा हिशेब मनात केला आणि मान खाली घातली. मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाने बाजारपेठेतल्या माडीवर बसून रडणं बरं दिसत नाही, पण मी रडलो. चाची पेला घेऊन दाराशीच थांबल्या.

थोड्या वेळाने मी खिशातून जुनी किल्ली काढली. तिचं कुलूप फुटून गेलं होतं, ती कशालाच लागत नव्हती. चाचांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि शेजारी ठेवून दिली.

"नव्या कुलपाला दोन चाव्या आल्यात," ते म्हणाले. मग उशाखाली हात घालून त्यांनी दुसरी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "एक तू बी ठेव. दुकान तुझं हाय."